मदत हवी आहे: स्लीव्हनंतर ॲसिडसाठी बायपास करावा का?

नमस्कार मंडळी. फोंड्याला राहतो, वय 46. 2019 मध्ये वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवायची शस्त्रक्रिया) झाली. वजन 118 किलोवरून 79 वर आलं, आता 88 आहे. वजनाचं एवढं दुःख नाही. छळ आहे तो ॲसिडचा. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं आणि ठसका लागून जाग येते.

पँटोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) दोन वेळा चालू आहे. रात्रीचं जेवण सातच्या आत, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे, हुमण आणि सोलकढी बंद (गोव्यात राहून ही शिक्षाच). एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज आणि छोटा हायाटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) दिसला. स्लीव्ह कुठे अरुंद झालेली नाही.

सर्जन रू-एन-वाय बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) सुचवतात. मिनी बायपासमध्ये (आतड्याला एकच जोड असलेला प्रकार) पित्त वर येऊ शकतं, म्हणून तो नको, हे पटलंय. माझी अडचण वेगळी आहे. गुडघ्यांसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी लागते, आणि बायपासनंतर अल्सरच्या धोक्यामुळे ती वर्ज्य. हिमोग्लोबिनही आत्ताच 10.8, पुढे लोह, बी-12 आणखी कमी शोषलं जाणार. मधुमेह नाही, तंबाखू-दारूही नाही.

घरगुती उपाय कृपया नकोत, सगळे झालेत. ज्यांनी केवळ ॲसिडसाठी स्लीव्हचा बायपास करून घेतला, त्यांच्या गोळ्या सुटल्या का? लोह गोळ्यांवर भागलं की शिरेतून घ्यावं लागलं? गुडघेदुखीला काय घेता? आणि आधी मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणं), 24 तासांची पीएच तपासणी (ॲसिड किती वर येतं ते मोजणं) केली असेल तर ती गोव्यातच झाली, की बेळगाव-मुंबई गाठावी लागली?