लाव्हाटरच्या छायाकृती कशा काढायचे?

लाव्हाटरच्या ग्रंथातल्या चेहऱ्यांच्या काळ्या छायाकृती इतक्या नेमक्या कशा, असा प्रश्न पडतो. झुरिकच्या या पाद्र्याचा चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचा ग्रंथ 1775 ते 1778 मध्ये चार जाडजूड खंडांत निघाला, आणि त्यात या छायाकृतींसाठी खास खुर्चीच दाखवली आहे. खुर्चीच्या बाजूला उभी चौकट, तिच्यात काच आणि काचेवर पातळ कागद. माणूस चौकटीला खेटून, बाजू दाखवत बसतो. पलीकडे मेणबत्ती. चित्र काढणारा कागदावर पडलेल्या सावलीची कड अलीकडून पेन्सिलीने गिरवतो.

घोळ इथेच होतो. डोकं कागदापासून जरा दूर गेलं की सावली मोठी होते आणि कड पुसट. पेन्सिल मग अंदाजाने चालते. मान किंचित वळली तरी नाक आखूड दिसतं. आणि लाव्हाटर तर कपाळ-नाकाच्या याच रेषेवरून बुद्धी ठरवत होता! डोळे, नजर, हावभाव यांचा सावलीत पत्ताच नाही. त्याला मात्र तो गुण वाटे, कारण हाडांची ठेवण बदलत नाही.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिश्टेनबर्गने 1778 मध्येच या पद्धतीवर सडकून टीका केली होती, पुढे डुकराच्या शेपटीवरून स्वभाव सांगणारं विडंबनही लिहिलं. तरी 1831 मध्ये बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय, लाव्हाटरचा भक्त, डार्विनचं नाक पाहून त्याला सोबत न्यावं की नाही याबद्दल साशंक होता. हे डार्विननेच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.