इटालियन गल्लीत वाढलेलं कोणी आहे का इथे? (अनुभव धागा)

अंजिरी: काल मंडईत पुरंदरची अंजिरं घेताना बेन्सनहर्स्ट आठवलं आणि पाय तिथेच थांबले. ब्रुकलिनमधलं. १९७९ ते ८८ आम्ही तिथे भाड्याने होतो. वर आम्ही चौघं, खाली घरमालक, इटलीतल्या पालेर्मोजवळच्या खेड्यातले. त्यांच्या आजीला सगळी गल्ली नोना म्हणायची, मग आम्हीही. अंगणात आजोबांचं अंजिराचं झाड होतं. नोव्हेंबरात फांद्या दोरीने आवळायच्या, वरून गोणपाट, जुना गालिचा, डांबरी कागद आणि शेंड्यावर पालथी बादली, पाणी आत जाऊ नये म्हणून. रात्री खिडकीतून पाहिलं की कोणी घोंगडी पांघरून उभं आहे असं वाटायचं. एप्रिलात सोडायचे. एवढी निगा मी पुढे कुणाला झाडाची राखताना पाहिली नाही.

ऑगस्टअखेर टोमॅटो. पेट्याच्या पेट्या. तळघरात दुसरं स्वयंपाकघर असायचं, खरा स्वयंपाक तिथेच. सॉसच्या प्रत्येक बरणीत बासिलिकोचं एक पान. आईने पान चुरगळून वास घेतला नि म्हणाली, अगं हा तर आपला सबजा! नोनाने दुसऱ्या दिवशी कॉफीच्या डब्यात रोप लावून दिलं. तुळस मिळत नव्हती तिथे, आई त्यालाच पाणी घालून दिवा लावायची.

कोणाच्या अशा आठवणी असतील तर लिहा ना.

सेंटक्लेअरवाला: ११ जुलै १९८२!! टोरांटो. फुटबॉल वर्ल्डकपची फायनल, इटली ३, पश्चिम जर्मनी १. मी नऊ वर्षांचा. मॅच संपली आणि सगळं सेंट क्लेअर, म्हणजे आमची इटालियन वस्ती, रस्त्यावर. लाखोंनी माणसं. बाबांची गाडी मध्येच अडकली, टपावर दोन अनोळखी पोरं चढली, बाबा ओरडायच्या ऐवजी हॉर्न वाजवत बसले 😀 शेजारच्या न्हाव्याने मला खांद्यावर घेतलं होतं. इटलीच्या रॉसीचं नाव घेऊन घेऊन घसा बसला. बाकी नंतर लिहितो, मीटिंग आहे.

मीठमोहरी: अंजिरी, तुमच्या नोनाला नजर काढता यायची का? आमच्या खालच्या आजीला यायची. ताटलीत पाणी घ्यायचं, त्यात तेलाचे थेंब टाकायचे. थेंब पसरले की नजर लागलेली. मग पुटपुटत क्रूस काढायची. आई वर येऊन पुन्हा मीठ-मोहऱ्या ओवाळायची, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त. आईने तो मंत्र मागितला तर आजी म्हणाली, नाताळच्या आदल्या रात्रीच सांगता येतो, एरवी नाही. आई डिसेंबरपर्यंत थांबली आणि खरंच शिकली. कुकर लावलाय, येते.

अंजिरी: हो!! मालोक्यो, म्हणजे नजरच. आमचीही काढायची.

नदीपलीकडची: मी होबोकेनची, न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडे न्यू जर्सीत. जुलैत सेंट अ‍ॅनची जत्रा, बायका कढईतून झेपोले, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे काढायच्या, वर पिठीसाखर. ताजं मोझरेला चीज, त्याला तिथे 'मुट्झ' म्हणतात, कोमट असतानाच कागदात बांधून द्यायचे. गायक सिनात्राचा जन्म तिथला, १९१५चा, घराघरात फोटो.

पण मला १९८७ पण लिहायचंय. डॉटबस्टर्सचं, म्हणजे कपाळावरच्या टिकलीवरून नाव घेऊन भारतीयांवर हल्ले करणाऱ्या टोळीचं वर्ष. होबोकेनमध्येच नवरोज मोदींना मारहाण करून जिवे मारलं. आईने बाहेर जाताना कुंकू लावणं सोडलं. समोरच्या बाईंनी विचारून घेतलं की कपाळ का रिकामं. आईने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातला कोट घालून दारात उभ्या, आईला स्टेशनपर्यंत सोडायला. अख्खा हिवाळा. सत्तरीच्या पुढच्या होत्या. त्या गल्लीत आम्हाला शिव्याही मिळाल्या आणि त्या बाईही मिळाल्या. मला दोन्ही आठवतं.

मीठमोहरी: वाचून हात थांबला गं.

अंजिरी: ताई, बरं झालं लिहिलंत. आम्ही निघालो त्याच्या पुढच्याच वर्षी, ८९च्या ऑगस्टमध्ये, बेन्सनहर्स्टमध्ये यूसुफ हॉकिन्स या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मारलं. जुनी गाडी बघायला आला होता तो. बाबा दोन दिवस पेपर घेऊन बसले होते. माझ्याही आठवणीत ते आहे.

विटकरी: अमेरिका नाही, इंग्लंडातलं बेडफर्ड चालेल का? १९५०च्या दशकात विटांच्या कारखान्यांसाठी दक्षिण इटलीतून माणसं आणली होती, आमचे बाबा नंतर त्याच कामावर लागले. डब्यात पोळी-भाजी. शेजारचा माणूस पावात तळलेली ढोबळी मिरची आणायचा. अदलाबदल रोजची. बाबांना इंग्रजीच्या आधी इटालियन शिव्या येत होत्या.

सेंटक्लेअरवाला: आलो परत. ढोबळी मिरची वाचून भूक लागली. डाळीचं पीठ पेरून केलेली भाजी आमच्या न्हाव्याच्या बायकोला फार आवडायची, ती वर चीज किसायची. आई तोंड फिरवायची.

गच्चीवाली: विषय सोडून विचारते, माझ्या कुंडीतल्या अंजिराच्या पानांवर तपकिरी ठिपके आलेत, मागून पूड पडल्यासारखी. कोणाला माहीत आहे का?

अंजिरी: तांबेरा आहे तो. ती पानं काढून लांब टाक, कुंडीत पडू देऊ नकोस आणि पाणी वरून मारू नकोस, बुडाशीच घाल. आमचे आजोबा बुंध्याशी आळं करून हळूहळू घालायचे, मग्याने. झारी हातात घेऊ द्यायचे नाहीत आम्हाला.

गच्चीवाली: मग्यानेच घालते.