हरितलवकातला आरएनए कोण बनवतं?

काही जण म्हणतात की वनस्पतीपेशीतही आरएनए (जनुकातल्या माहितीची प्रत) बनवणारी पॉलिमरेज एन्झाइम प्राण्यांसारखी तीनच. नाही हो, केंद्रकातच पाच आहेत. चौथं आणि पाचवं फक्त वनस्पतींत. उड्या मारणारी जनुकं (डीएनएत जागा बदलत फिरणारे तुकडे) गप्प बसवणं हे त्यांचं मुख्य काम.

खरी गंमत हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या भागात. आमच्या कोल्हापूरकडे पाचटाखालून उसाचा कोंब पिवळट वर येतो, ऊन लागलं की हिरवा होतो. अशा कोवळ्या पानात केंद्रकाकडून आलेलं एकाच प्रथिनाचं पॉलिमरेज आधी दुसऱ्या, जिवाणूंसारख्या पॉलिमरेजची हरितलवकातली जनुकं वाचतं, म्हणजे त्यांवरून आरएनए बनवतं. मग हे दुसरं प्रकाशसंश्लेषणाची जनुकं वाचायला घेतं. उजेडात त्याचा जोर वाढतो. पण सुरुवात कुठून करायची ते ठरवणारे सिग्मा घटक पुन्हा केंद्रकाचेच! अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या छोट्या रोपात असे सहा आहेत.