ट्रकचालक तपासणीला येत नाहीत, किट हातात द्यावं का?

फिरती: ट्रकचालकांमध्ये एचआयव्हीचं काम करते. शिबिर सकाळी दहाला, तेव्हा ही मंडळी केबिनमध्ये गाढ झोपलेली. कुणी आलाच तर रक्त देतो आणि रिपोर्टला थांबत नाही. वर साहेब विचारतात, आकडा कमी का! स्वचाचणीचं किट द्यायचं मनात आहे, पण एकटा असताना पॉझिटिव्ह निघाला तर?

लॅबवाला: द्या बिनधास्त. डब्ल्यूएचओने २०१६ मध्येच स्वचाचणीची शिफारस केली आहे. काडी हिरड्यांवरून फिरवायची, द्रावणात उभी ठेवायची, २० मिनिटांनी बघायचं. पण दोन रेघा म्हणजे निदान नव्हे, केंद्रात खात्रीची तपासणी हवीच. एकच रेघ आली आणि जोखीम ताजी असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा. किटसोबत तुमचा नंबर द्या, रात्री उचलला जाणारा.

समुपदेशक_मावशी: शिबिरच रात्री घ्या की! आणि निगेटिव्ह आलेल्याला नुसता ‘जपून राहा’ म्हणून सोडू नका. कंडोम द्या, प्रेपबद्दल, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या औषधाबद्दल, सांगा. काल-परवाच धोका झाला असेल तर पेप, म्हणजे धोक्यानंतर लागण टाळायला घ्यायचं औषध, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, पुढे २८ दिवस गोळ्या.

फिरती: आणि जो पॉझिटिव्ह निघेल तो तर सतत फिरतीवर. गोळ्या चुकल्या तर?

समुपदेशक_मावशी: तीन महिन्यांच्या एकदम मिळतात का विचारा. आणि त्याला हे नक्की सांगा: औषधाने विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून बायकोला लागण होत नाही. माझ्याकडचे बरेच जण हे ऐकूनच गोळ्यांना तयार झाले.