मदत हवी आहे: टर्कीने परसबाग उकरली, अळूसुद्धा सोडला नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही सिडनीत चेरीब्रूकला राहतो. दीड वर्षापूर्वी युनिट (फ्लॅट) विकून स्वतंत्र घरात आलो. विटांचं, कौलारू, ऐंशीच्या दशकातलं घर. मागच्या कुंपणापलीकडे ओढा आणि गमच्या (निलगिरीच्या) झाडांचं रान. घेताना वाळवीची तपासणी करून घेतली, पन्हाळीत साचणाऱ्या पाल्याचीही मनाची तयारी केली होती. पण या कोंबड्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

कोंबडा म्हणजे ब्रश टर्की, इथला एक रानपक्षी. काळं अंग, लाल बोडकं डोकं, गळ्यात पिवळी झालर. ऑगस्टपासून हा नर पहाटे सहाला ड्यूटीवर हजर असतो. उलट्या दिशेने पाय झाडत अख्ख्या बागेतला पाचोळा कोपऱ्यातल्या लिलीपिलीच्या झाडाखाली नेतो. मी विकत आणून पसरलेल्या मल्चच्या (मातीवर आच्छादन म्हणून घालतात तो भुसा-पाला) बारा पिशव्याही त्यातच गेल्या. ढीग आता माझ्या कमरेएवढा आहे, रुंदी तीन मीटर तरी भरेल. मेथी-कोथिंबिरीचा वाफा सपाट, अळूचे कंद उघडे. जानेवारीत वड्यांचा बेत होता!

पाण्याचा फवारा मारला की कौलांवर जाऊन बसतो, मी आत वळले की परत खाली. कऱ्हाडहून आलेल्या सासूबाई पहिले आठ दिवस "मेल्या, तुझं तळपट होवो" म्हणत काठी घेऊन मागे धावायच्या. मग एकदा त्यांनी त्याला ढिगात चोच खुपसून थांबलेलं पाहिलं. "अगं, विरजण लावायच्या आधी आपण दूध कोमट झालंय का बघतो ना, तसं बघतोय तो!" तेव्हापासून काठी कोपऱ्यात. नवरा मात्र फावडं घेऊन तयार आहे. शेजारचे आजोबा म्हणतात, हात लावाल तर दंड होईल. खरं काय? आणि वाफा कसा वाचवू?

प्रतिसाद (ब्रिस्बेनहून):
आजोबांचं ऐका. हा संरक्षित पक्षी आहे. पक्ष्याला इजा करायची नाही आणि अंडी असलेला ढीग मोडायचा नाही. सासूबाईंची नजर पक्की आहे हो! पाला कुजून जी ऊब येते ती तो ३३ ते ३५ अंशांच्या आसपास राखतो. कमी-जास्त वाटली की पाला चढवतो नाहीतर काढतो. माद्या येतात, अंडी घालून निघून जातात. पिल्लं स्वतःच उकरून बाहेर येतात आणि त्यांना कुणी सांभाळत नाही. साधारण जानेवारीपर्यंत त्याचा उत्साह ओसरेल. वाफ्यावर जाळी आडवी अंथरून वर गोटे ठेवा, उकरता आलं नाही की नाद सोडतो. पुढच्या वर्षी ढीग रचायला सुरुवात करतानाच वर ताडपत्री टाका आणि वरच्या फांद्या छाटून ऊन येऊ द्या, त्याला सावली लागते. छाटण्याआधी काउन्सिलला (इथल्या नगरपालिकेला) विचारा मात्र.

प्रतिसाद:
आमच्याकडे उघडं कंपोस्ट ठेवलंय, लांबच्या कोपऱ्यात. तो तिथेच रमतो. मल्च मात्र आम्ही बंद केलं, गोटे पसरलेत. दिसायला रुक्ष, पण टिकतात.

मूळ लेखिका:
आभार! फावडं शेडमध्ये ठेवून कुलूप लावलं. शनिवारी बनिंग्जला (हार्डवेअरच्या दुकानात) जातेय. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याची चालेल, की जाड तारेची आणू? अळूचा कोंब त्यातून वर येईल ना?