ताड, रावणताड आणि दारातला पंखापाम: पान सारखे म्हणून प्रजातीही एकच का?

रावपुरेकर (बडोदा)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या आवारातील झाडांवर मराठी आणि गुजराती नावांचे फलक लावण्याचे काम या उन्हाळ्यात माझ्याकडे आले आहे. बहुतेक झाडे ओळखून झाली, पण तीन झाडांपाशी मी अडलो आहे.

पहिले झाड मागच्या भिंतीशी आहे. त्याचे खोड उंच आणि काळपट असून शेंड्यावर ताठ पंख्यांचा गोल झुबका आहे. आमच्याकडचे सगळे त्याला ताड म्हणतात, परंतु गेल्या तीस वर्षांत त्याला एकही फळ धरलेले कोणाला आठवत नाही. दुसरे झाड फाटकाजवळ आहे. पाने पंख्यासारखीच, मात्र त्यांची टोके झालरीसारखी खाली लोंबतात. माळीकाका त्यालाही ताडच म्हणतात. तिसरे झाड शिंदीचे आहे. त्याच्या नावाबद्दल शंका नाही, पण शिंदी आणि ताड एकाच उपकुलात येतात आणि नारळ मात्र वेगळ्या उपकुलात जातो, असे एका पुस्तकात वाचले आणि मी गोंधळलो, कारण शिंदीचे पान डोळ्यांना नारळाच्या जवळचे दिसते, ताडाच्या नव्हे. शिवाय दीवला पाहिलेला, फांद्या फुटणारा रावणताड या सगळ्यात कुठे बसतो? फलकावर चुकीचे लिहिले तर पुढची वीस वर्षे मुले तेच वाचतील, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पर्णिका

काका, आपण विचारलेला शिंदीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पाम कुलातील पान कळीत असताना अखंडच असते आणि कागदी पंख्यासारखे घड्या घातलेले असते. ते उलगडताना घड्यांच्या रेषांवर फाटते आणि त्यातून पट्ट्या किंवा पर्णिका तयार होतात. हे फाटणे वरच्या कडांवर झाले, तर प्रत्येक पर्णिका वर उघड्या पन्हळीसारखी दिसते. खालच्या कडांवर झाले, तर ती कौलारू छपराच्या आढ्यासारखी, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती दिसते. शिंदीची एक पर्णिका देठापाशी आडवी कापून पाहा, कापलेल्या भागाचा आकार पन्हळीचा दिसेल. नारळाची तशीच कापली तर आढे दिसेल. ताडाच्या पंख्यातील प्रत्येक पट्टीही पन्हळच आहे. मी स्वतः झावळीचा तुकडा हातात धरून त्यावर पाण्याचे चार थेंब सोडले होते. शिंदीच्या पर्णिकेत ते मध्यरेषेवर जमून देठाकडे ओघळले आणि नारळाच्या पर्णिकेवरून दोन्ही बाजूंना गळून गेले. त्या दिवसापासून मला पाम ओळखताना पानाच्या बाह्याकारापेक्षा घडीवर अधिक विश्वास वाटू लागला.

आजच्या वर्गीकरणात पाम कुलाची पाच उपकुले मानतात. त्यांतील कोरिफॉइडी या उपकुलात जवळजवळ सगळे पंखापाम येतात आणि त्यांच्याबरोबर शिंदी-खजुराची फिनिक्स प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा समूह, जीनस) आणि भेर्ली माडाची कॅरिओटा प्रजातीही येते, कारण पिसासारखे पान असूनही या दोघांची घडी पन्हळीची आहे. नारळ आणि सुपारी अ‍ॅरिकॉइडी या उपकुलात जातात. पुस्तकात दिलेले बरोबर आहे.

कोरिफॉइडीच्या आत बोरॅसी नावाचा गट आहे आणि त्याचे दोन उपगट आहेत. एका उपगटात ताडाची बोरॅसस प्रजाती आहे, तिच्यासोबत मॅस्करीन बेटांवरची लॅटेनिया आणि सेशेल्स बेटांवरचा दर्याचा नारळ, म्हणजे लोडॉइसिया, ज्याच्या करवंटीची कटोरी फकिरांच्या हातात दिसत असे आणि ज्याची बी वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठी आहे. दुसऱ्या उपगटात हायफीनी ही प्रजाती येते. दीवचा रावणताड म्हणजे हायफीनी डायकोटोमा. त्यामुळे तो आणि ताड एका गटातले असले, तरी प्रजाती वेगळ्या आहेत. रावणताडाचे खोड पुन्हा पुन्हा दुभंगते आणि त्याच्या फळात बहुधा एकच बाठा असतो. ताडाचे खोड सरळ एकच असते आणि फळात साधारणपणे तीन बाठे असतात. ताडगोळे फोडून देणारा विक्रेता कोवळ्या फळाचा माथा कोयत्याने उडवतो तेव्हा आत जे तीन पारदर्शक डोळे दिसतात, तेच हे तीन कोवळे बाठे होत.

कोयता_आणि_दोरी

मागच्या भिंतीजवळच्या झाडाविषयी लिहितो. माझे आजोळ छोटाउदेपूरकडे असल्यामुळे ताडाच्या झाडाखालीच माझ्या सुट्ट्या गेल्या आहेत.

बोरॅससमध्ये नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. फुलोरा येईपर्यंत झाड नर आहे की मादी, हे पाहून सांगता येत नाही, आणि पहिला फुलोरा यायला साधारण बारा ते वीस वर्षे लागतात. आपले झाड नर असावे. उन्हाळ्याच्या तोंडी शेंड्यातून बोटाएवढ्या जाड, तपकिरी, खवल्याखवल्यांच्या लांब दांड्या बाहेर आलेल्या दिसल्या तर शंका राहणार नाही. त्या दांडीवर लहान लहान खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यातून बारीक नरफुले एकामागून एक बाहेर येतात. खाली पडलेली दांडी मुठीत धरली तर ती सापाच्या कातीसारखी खरखरीत लागते. मादी झाडावरची फुले मात्र मोठी, गोल आणि मोजकीच असतात. नीरा दोन्ही झाडांची निघते, त्यामुळे फळ न धरणारे झाड निकामी आहे असे आमच्या आजोळी कोणी मानत नाही.

नर आणि मादी हे एकाच जातीचे दोन रूप आहेत, ही गोष्ट पुस्तकांतही सरळपणे आलेली नाही. मलबारच्या वनस्पतींवरील डच अधिकारी ऱ्हीडच्या ग्रंथाच्या १६७८ सालच्या पहिल्या खंडात ‘करिंपना’ आणि ‘आंपना’ अशी दोन वेगळी चित्रे आहेत. मल्याळममध्ये ‘आण्’ म्हणजे नर. म्हणजे स्थानिक लोकांना नाते ठाऊक होते आणि नावातच ते सांगितलेले होते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या दोन्ही चित्रांचा आधार घेऊन बोरॅसस फ्लॅबेलिफर हे एकच नाव दिले. ‘फ्लॅबेलिफर’चा अर्थ पंखा धारण करणारा. फुलांच्या अवयवांवरून केलेल्या आपल्या वर्गीकरणात पाम कुठे बसवावेत हे त्याला सुटले नाही, म्हणून ते सारे त्याने ग्रंथाच्या शेवटी पुरवणीत घातले.

आता या प्रजातीत पाच जाती मानतात: आपला फ्लॅबेलिफर, आफ्रिकेतील एथिओपम, पश्चिम आफ्रिकेतील अकेआसी, मादागास्करचा मादागास्करिएन्सिस आणि न्यू गिनीचा हाइनिआनस. अकेआसी ही जात २००६ साली वेगळी नोंदली गेली. तोपर्यंत ती शेजारच्या एथिओपममध्येच मोजली जात होती. एथिओपमच्या जुन्या झाडांचे खोड मध्ये फुगते आणि फळ पिवळट-नारिंगी होते, तर आपल्या ताडाचे फळ काळे असते. देठाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे काळे दाते असतात. वाळलेला देठ हातात घ्याल तेव्हा काळजी घ्या, माझ्या तळव्यावर अजून वण आहे.

पर्णिका

फाटकाजवळचे झाड बोरॅसस नाही, असे वर्णनावरून मला वाटते. पानांची टोके दुभंगून लोंबत असतील, कोवळ्या झाडाच्या देठावर करवतीच्या दात्यांऐवजी मागे वळलेले काटे असतील आणि फळ बोराएवढे, निळसर-हिरवे, एकबीजी असेल, तर ते लिव्हिस्टोना चायनेन्सिस आहे. तिच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, त्यामुळे एकटे झाडही फळते. ही प्रजाती कोरिफॉइडी उपकुलातीलच आहे, पण गट वेगळा आहे.

पोथीप्रेमी

एक पुरवणी. ‘ताडपत्र’ या शब्दामुळे अनेकांना सगळ्या पोथ्या याच ताडावर लिहिलेल्या वाटतात. जैन लेखनपरंपरेत श्रीताड आणि खरताड असा स्पष्ट भेद आहे. श्रीताड म्हणजे कोरिफा अम्ब्रॅक्युलिफेरा. त्याचे पान रुंद, पातळ आणि लवचीक असते, तर खरताडाचे, म्हणजे बोरॅससचे, जाड आणि लवकर तडकणारे. कोरिफा आयुष्यात एकदाच शेंड्यावर प्रचंड फुलोरा काढतो आणि फळे पिकली की वाळून जातो. लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधत तो बजरबट्टू त्याच्याच बियांचा. फलकावर नुसते ‘ताड’ लिहिताना हा भेद ध्यानात ठेवावा, ही विनंती.

रावपुरेकर

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी शिंदीची आणि शेजाऱ्यांच्या नारळाची एकेक पर्णिका कापून पाहिली. एक पन्हळ निघाली आणि एक आढे. मागच्या भिंतीशी पालापाचोळ्यात एक वाळलेली दांडी सापडली, तिच्यावर खळगे आहेत आणि ती खरोखरच कातीसारखी लागते. फाटकाजवळच्या झाडाखाली बोराएवढी सात-आठ फळे मिळाली. एक फोडली, आत एकच बी होती.

फलकांचा मजकूर असा ठरवला आहे. पहिला: ‘ताड (नर झाड), बोरॅसस फ्लॅबेलिफर, फळे मादी झाडावर येतात’. दुसरा: ‘चिनी पंखापाम, लिव्हिस्टोना चायनेन्सिस’. तिसरा: ‘शिंदी, फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, पर्णिकेची घडी ताडासारखी, पन्हळीची’. तिसऱ्या फलकाखाली मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर दोन्ही पर्णिकांचे कापलेले तुकडे काचेत बसवून देण्याचे सुताराने कबूल केले आहे.