न्यूरोफिलॅमेंटसाठी कोणती अँटिबॉडी घ्यावी?

गोदाकाठचा (छत्रपती संभाजीनगर):
नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्रात पीएचडी करायलो. मधुमेह झालेल्या विस्टार रॅटच्या सायटिक नर्व्हमध्ये (पायाकडं जाणारी मोठी चेता) न्यूरोफिलॅमेंट, म्हणजे चेतापेशीतले प्रथिनाचे धागे, बघायचंय, वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर प्रथिनं वेगळी करून पडद्यावर अँटिबॉडीनं ओळखणं) आणि पॅराफिन सेक्शनवरही (मेणात बसवलेल्या ऊतीचे पातळ काप). बजेटमध्ये एकच प्रायमरी (प्रथिनाला थेट चिकटणारी अँटिबॉडी) बसते. कॅटलॉगमध्ये एल, एम, एच (न्यूरोफिलॅमेंटची लहान, मध्यम, मोठी प्रथिनं: एनएफ-एल, एनएफ-एम, एनएफ-एच), त्यात परत फॉस्फो (फॉस्फेट लागलेलं), नॉन-फॉस्फो. सगळे एसएमआय-३१ नावाची अँटिबॉडी घ्या म्हणतात. घेऊ का? आणि ऐन मे महिन्यात मागवणं बरं का?

परभणीकर:
सगळे म्हणतात म्हणून घेऊ नका. एसएमआय-३१ फॉस्फेट लागलेला एनएफ-एच ओळखते, एसएमआय-३२ फॉस्फेट नसलेला. मधुमेहात न्यूरोफिलॅमेंटचं फॉस्फोरिलेशनच (फॉस्फेट लागणं) बदलतं. म्हणजे ३१ चा बँड गडद झाला तर प्रथिन वाढलं की फॉस्फेट वाढले, हे एकट्या ३१ वरून सांगता येणार नाही. व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतो.

एकच घ्यायची असेल तर फॉस्फेटशी देणंघेणं नसलेली घ्या. माझं मत एनएफ-एल. तो ब्लॉटवर ६८ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास येतो, ट्रान्सफरला (जेलवरून पडद्यावर न्यायला) त्रास नाही. डेटाशीटवर रॅट आणि पॅराफिन दोन्ही लिहिलंय ना, तेवढं बघा. नुसतं माऊस लिहिलेलं असलं तर आधी कंपनीला मेल टाका.

मांजराकाठ (लातूर):
एनएफ-एलशी सहमत, पण २एच३ विसरू नका. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) बँकेत मिळते, एनएफ-एम ओळखते. बँक ना-नफा तत्त्वावर चालते, त्यामुळं कुपी स्वस्त. कुरिअर आणि कस्टम धरून हिशेब करा मात्र, नाहीतर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पुढं एनएफ-एच घेतलाच तर घाबरू नका: अमिनो आम्लांच्या हिशेबानं तो ११२ किलोडाल्टनचा, पण जेलवर २०० च्या जवळ दिसतो. बँड चुकलेला नसतो. जेल ७.५ टक्क्यांची करा, ट्रान्सफर रात्रभर ४ अंशांवर. फॉस्फो अँटिबॉडीला दुधानं ब्लॉक (पडद्याच्या रिकाम्या जागा झाकणं) करू नका, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा.

गोदाकाठचा:
एनएफ-एल ठरलं. पण माझ्या लायसेटमध्ये (ऊती फोडून काढलेला अर्क) काहीच येईना झालं तर?

परभणीकर:
ट्रायटनचा (सौम्य डिटर्जंट) बफर असेल तर येणारच नाही. न्यूरोफिलॅमेंट त्यात विरघळत नाही, गाळासोबत खाली जातं आणि आपण वरचं पाणी लोड करतो. थोडी नर्व्ह थेट एसडीएसच्या (जोरदार डिटर्जंट) सॅम्पल बफरमध्ये उकळा. शेजारच्या लेनमध्ये स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) आणि यकृत ठेवा. कॉर्डमध्ये बँड हवा, यकृतात नको. सेक्शनमधलं झाकलेलं प्रथिन उघडं करायला सायट्रेट बफर, पीएच ६, चांगला चालतो.

प्रायमरी माऊसची असेल तर सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी, रंग देणारी अँटिबॉडी) रॅटच्या आयजीजीवर (रॅटच्या स्वतःच्या अँटिबॉडी) अ‍ॅडसॉर्ब केलेलीच, म्हणजे त्यांना चिकटणारा भाग काढून टाकलेलीच मागा. नाहीतर अख्खा सेक्शन तपकिरी.

नांदेडचा_पोट्टा:
मे महिन्यात मागवा की, पण डीलरला सोमवारी पाठवायला सांगा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर गोदामात तापतं. आइस पॅक वितळला म्हणून अँटिबॉडी लगेच मरत नाही, तरी आल्याबरोबर एक डॉट ब्लॉट (पडद्यावर नमुन्याचा थेंब टाकून झटपट चाचणी) मारा, खराब निघाली तर तक्रार करायला पुरावा राहतो. १०-१० मायक्रोलिटरच्या अ‍ॅलिकॉट (छोटे वाटे) करा, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. आणि एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) जोडलेल्या सेकंडरीत अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते) घालायचं नाही, एन्झाइम बंद पडतं.